हरणाचं पिल्लू आणि मोडकी चोच



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, पंचम स्कंध, अध्याय आठवा. भरत राजा आणि हरणाचं पिल्लू.

मागच्या महिन्यात मधले अकरा दिवस इथं एकही चिंतन आलं नव्हतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं, आणि मी "तब्येत जरा बरी नव्हती" असं लिहून वेळ मारून नेली. ते खोटं होतं. तब्येत ठणठणीत होती. त्या दिवसांत माझ्या गॅलरीत एक गिनी कोंबडी होती, तिची चोच मोडलेली होती, आणि मी सकाळची पोथी उघडतच नव्हते. ओळीने वाचत वाचत आपण आज नेमके भरताच्या अध्यायावर आलोय. आता ते लपवून इथं काही लिहिणं मला जमणार नाही.

शिवाय गेल्या आठवड्यात एकीचा मेसेज आला होता. "ताई, मी घरी कुत्रा पाळलाय. कीर्तनात ऐकलं की भरत राजा हरणाच्या मोहाने पुढच्या जन्मी हरीण झाला. मग प्राण्यांना जीव लावणं भक्तीच्या आड येतं का?" मी तिला नुसता हात जोडलेला इमोजी पाठवला. उत्तर सुचत नव्हतं म्हणून नाही, सुचत होतं ते माझ्यावरच येत होतं म्हणून.

आधी गोष्ट थोडक्यात. ज्याच्या नावावरून या भूमीला भारत म्हणतात असं भागवत सांगतं, तो हा भरत, ऋषभदेवांचा थोरला मुलगा. राज्य मुलांना वाटून दिलं आणि गंडकी नदीच्या काठी पुलहाश्रमात एकटा राहायला गेला. शाळिग्राम सापडतात ती ही गंडकी. एक दिवस तो नदीवर जप करत बसलेला असताना एक गाभण हरिणी पाणी प्यायला आली. जवळच सिंहाची गर्जना झाली. हरिणीने घाबरून नदीवरून उडी घेतली, त्या झटक्यात पोटातलं पिल्लू बाहेर येऊन प्रवाहात पडलं, आणि ती पलीकडे जाऊन मेली. वाहत चाललेलं पिल्लू भरताने उचललं आणि आश्रमात आणलं.

इथपर्यंत तुम्ही-आम्ही कोणीही हेच केलं असतं. पुढे मात्र त्याचे नेम एक एक करून सुटत गेले, शेवटच्या घटकेला डोळ्यांसमोर हरीणच राहिलं, आणि पुढचा जन्म हरणाचा मिळाला. गीतेच्या आठव्या अध्यायात अंतकाळच्या स्मरणाबद्दल जे सांगितलंय, त्याचं उदाहरण म्हणून ही कथा नेहमी सांगतात. तात्पर्यही ठरलेलं असतं : मोहात पडू नका, एका हरणाने एवढा राजा बुडवला.

मीही हे असंच ऐकत आले होते. आता माझ्या पक्ष्याचं सांगते.

माझ्या आत्याची सासवडजवळ अंजिराची बाग आहे. तिथं तिने गिनी कोंबड्या पाळल्यात, तिसेक असतील. ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी : राखाडी अंगावर पांढरे ठिपके, जणू कोणी मोती शिंपडलेत. मान उघडी, डोक्यावर हाडाचा तुरा, एखाद्या जुन्या शिपायाने शिरस्त्राण घातल्यासारखा. मूळचा पक्षी आफ्रिकेतला. बरेलीजवळ इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे, तिथं यांच्या सुधारित जाती काढल्यात. नावं कादंबरी, चितंबरी आणि श्वेतांबरी. ऐकून वाटतं, कोणाच्या तरी तीन मुलींची लग्नं ठरलीयत. शेतावर यांचा उपयोग असा की किडे वेचतात आणि साप किंवा परका माणूस दिसला की असा गलका करतात की कुत्रा पाळायची गरज नाही. भित्र्या मात्र फार. कोंबडीसारख्या माणसाळत नाहीत.

त्या दिवशी संध्याकाळी त्या खुराड्यात जाऊन बसल्या होत्या. मला रील करायचं होतं. ठिपके छान दिसतील म्हणून मी मोबाईलचा टॉर्च लावला आणि दार उघडून आत शिरले. अंधारात अचानक उजेड आला की हा पक्षी विचार करत नाही, सरळ वर उसळतो आणि जाळीवर आदळतो. तीस पक्षी एकदम उसळले. मी टॉर्च बंद करेपर्यंत एकीची वरची चोच जाळीच्या घरात अडकली होती आणि ती मान पिळून ओढत होती. सुटली तेव्हा चोचीचं टोक जाळीतच राहिलं होतं.

व्हिडिओ नऊ सेकंदांचा आहे. अजून फोनमध्ये आहे. डिलीट करावासा वाटत नाही आणि बघवतही नाही.

शेतावर काम करणारे मामा धावत आले. त्यांनी मला एक शब्द बोलला नाही, ते जास्त लागलं. पक्षी उचलताना त्यांनी दोन्ही पंख अंगाशी धरले पण छातीवर दाब येऊ दिला नाही. (हे मला नंतर डॉक्टरांनी समजावलं. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छाती हलली तरच हवा आत जाते. घट्ट धरून ठेवलं तर पक्षी हातातच गुदमरतो.) मग चिमूटभर मक्याचं पीठ जखमेवर दाबून धरलं. रक्त थांबलं. पाटीखाली झाकून ठेवत म्हणाले, "बाकीच्यांत सोडू नका ताई. रक्त दिसलं की टोचून टोचून मारतील."

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचं वर्णन करताना माउलींनी मांजरीचा दाखला दिलाय. पिल्लू तोंडात धरून नेते, पण दात लागू देत नाही. मामांचे हात बघताना मला तो आठवला. गंमत बघा, मामा कोंबडी आवडीने खातात. आमच्या घरात माळ आहे. पण त्या संध्याकाळी इजा कोणी केली आणि पक्षी कोणाला धरता आला, हे मी स्वतःशी फिरवून सांगू शकत नाही.

मी हट्टाने तिला पुण्याला आणलं. डॉक्टरांना दाखवायला हवं होतं, त्यामुळे तो निर्णय बरोबरच होता. पक्ष्यांचं बघणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं ते मला नवीन होतं. चोच म्हणजे आत हाड आणि वर आपल्या नखासारखं शिंगाचं आवरण. आत रक्तवाहिन्या आहेत, नसा आहेत, म्हणजे दुखतं, चांगलंच दुखतं. नुसतं आवरण तुटलं तर नखासारखं हळूहळू वाढतं. हाड तुटलं तर तेवढा भाग परत येत नाही. हिचं टोकाचं थोडं हाडही गेलं होतं. म्हणजे वरची चोच कायमची आखूड राहणार, आणि घासायला जोडीदार उरला नाही म्हणून खालची वाढत जाणार. ती अधूनमधून कानशीने घासून घ्यावी लागेल, आयुष्यभर.

येताना आईने घरातली दुखण्याची गोळी चुरून द्यायची का म्हणून विचारलं होतं. डॉक्टर जवळजवळ ओरडलेच. मग त्यांनी गिधाडांचं सांगितलं. डायक्लोफिनॅक हे औषध म्हाताऱ्या, लंगडणाऱ्या गाईबैलांना दुखणं कमी व्हावं म्हणून देत असत. जनावर मेलं की गिधाडं ते खायची, आणि त्या औषधाने त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. आपल्या देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं काही वर्षांत शंभरात पाचसुद्धा उरली नाहीत. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर आकाश रिकामं झालं होतं. विचार करा, त्या गोळीमागे दुष्टपणा कुठेच नव्हता. कोणीतरी आपल्या गाईला दुखू नये म्हणून दिलेली गोळी होती ती. दया होती, फक्त ती गाईच्या पलीकडे बघत नव्हती.

हे वाक्य मी तेव्हा डायरीत लिहून ठेवलं आणि घरी येऊन दुसऱ्याच दिवशी विसरले.

पहिला दिवस वाईट गेला. मी ताटलीत बाजरी पसरून ठेवली. ती भुकेली होती, चोच मारायची, टक्, पण टोकच नव्हतं तर दाणा धरणार कशात? दाणा उडायचा. परत टक्. वीस-पंचवीस वेळा झाल्यावर ती थांबायची, मान वाकडी करून ताटलीकडे बघायची, आणि परत सुरू. स्टीलच्या ताटलीचा तो आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा. शेवटी न राहवून मी सिरिंजने भरवायला गेले आणि तिला ठसका लागला. डॉक्टरांनी फोनवर झापलं : पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असतं, माहिती नसताना पातळ काही घातलंत तर सरळ फुप्फुसात जाईल. "ताटली कसली देता? खोल वाडगा घ्या. खाद्य भिजवून दोन-तीन बोटं भरून ठेवा. तिला टिपता येत नाही, उपसता येईल."

एवढं साधं होतं. मातीचा एक वाडगा. तिने त्यात चोच बुडवली, खालच्या चोचीने फावड्यासारखं उचललं आणि मान वर करून गिळलं. मी गॅलरीत खाली बसून रडले. तुम्ही हसाल, पण आयुष्यात फार कमी वेळा मला इतकं स्वच्छ समाधान मिळालंय.

आठवड्याभरात जखम बुजली. नऊ-दहा दिवसांनी डॉक्टर म्हणाले, "आता हिला कळपात नेऊ शकता. जास्त दिवस ठेवू नका, मग बाकीचे पक्षी स्वीकारत नाहीत." मी हो म्हटलं.

आणि नेलं नाही.

का नेलं नाही, याची कारणं माझ्याकडे भरपूर होती. अजून अशक्त आहे. शेतावर वाडगा कोण भरणार. आत्याकडे कुठं एवढं लक्ष द्यायला वेळ आहे. दरम्यान मी तिचं नाव मोती ठेवलं होतं. स्टेटसला तिचे फोटो जात होते, खाली "किती गं माया करतेस", "खरी सेवा" असं लोक लिहीत होते, आणि मी प्रत्येक कमेंट दोनदा वाचत होते. जाळीचं आणि टॉर्चचं मात्र कुठेच लिहिलं नव्हतं. सकाळी पोथी उघडायच्या वेळी मी तिचा वाडगा भरत होते, मग तिच्याकडे बघत बसत होते, मग ऑफिसची वेळ होत होती. पहिले दोन दिवस वाटलं, हीच तर पूजा. नाथांनी काशीहून आणलेलं गंगाजल तहानलेल्या गाढवाला पाजलं, मी निदान वाडगा तरी भरतेय. नाथांचं नाव असं सोयीला वापरायला फार सोपं असतं.

सतराव्या की अठराव्या दिवशी आत्याचा फोन आला. मागे मोती ओरडत होती. या पक्ष्यांत नर-मादी दिसायला जवळजवळ सारखे. ओळखायचं ते आवाजावरून. नर एकसुरी चिक्-चिक् करतो, मादी दोन तुकड्यांत ओरडते. आत्या म्हणते, त्या "इक-डं, इक-डं" म्हणतात.

"कधीपास्नं ओरडतीये?" आत्याने विचारलं.

"रोजच ओरडते. मी ऑफिसला गेले की जास्त, शेजारचे सांगतात. मी आले की गप्प होते. माझी सवय झालीय तिला."

आत्या थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "अगं वेडे, ती कळपाला हाका मारतीये. आन् तू आलीस की भ्याची गप होती. ससाणा दिसला की अश्याच गप होत्यात त्या."

मी फोन ठेवून गॅलरीच्या दारात गेले. ती ओरडत होती. मला बघताच थांबली, कोपऱ्यात अंग आखडून उभी राहिली, एक डोळा माझ्यावर. अठरा दिवस मी हे बघत होते. अठरा दिवस मी याला ओळख म्हणत होते, शांतता म्हणत होते, दोनदा स्टेटसवर प्रेमही म्हटलं होतं.

त्या रात्री मी पोथी पुढच्या वाचनासाठी चाळत होते आणि आठवा अध्याय नीट वाचला. आधी चार-पाच वेळा वाचलाय, पण या वेळी एक जागा अशी लागली की पुढे जाता येईना. हरीण कुठंतरी निघून गेलंय आणि भरत त्याची आठवण काढतोय. तो म्हणतो, मी हवनाचं साहित्य दर्भावर मांडून ठेवायचो, ते खेळता खेळता तोंड लावायचं, मग मी रागावलो की लगेच भिऊन, एखाद्या ऋषिपुत्रासारखं, निश्चल बसून राहायचं. भरत हे कौतुकाने सांगतोय! हरीण घाबरून दगड झालंय आणि त्याला त्यात ऋषीचा मुलगा दिसतोय. पुढे तर तो चंद्राकडे बघतो, त्यावरचा डाग बघतो आणि त्याला वाटतं, माझं पिल्लू चंद्रानेच सांभाळायला घेतलं असेल.

म्हणून सांगते, ठरलेल्या तात्पर्याशी माझं आता थोडं भांडण आहे. मोह म्हणजे जास्त झालेलं प्रेम, आणि म्हणून प्रेम बेताने करा, असं आपण समजतो. पण व्यासांनी भरताच्या चुका कुठं मांडल्यात ते बघा. नदीतून पिल्लू काढण्यात नाही. त्याला चारा घालण्यात, वाघ-लांडग्यांपासून जपण्यात नाही. ते तर दोन-चार ओळींत उरकतं. अध्यायाचा मोठा भाग जातो तो हरीण समोर नसताना भरत मनात काय काय रचतो यात. हरीण मोठं झालं होतं, स्वतः चरत होतं, रानात जात होतं. त्याला भरताची गरज उरली नव्हती. गरज भरताला होती. आणि तिथून पुढे त्याला हरीण दिसलंच नाही, स्वतःचीच माया हरणाचं रूप घेऊन दिसत राहिली. मोहाने भरताचा योग बुडाला हे खरं आहेच, पण मला वाटतं त्या हरणाचंही काही भलं झालं नाही. ज्याचा मोह होतो तो जीव आधी आपल्या नजरेतून सुटतो.

दुसरी गोष्ट. त्या अरण्यात बाकीची हरणं नव्हती का? असतीलच की. पण भरताला ती दिसतच नाहीत.

हा मुद्दा मला माझ्याच बाबतीत नीट गिळता येत नाही. डॉक्टरांच्या खोलीत बसले असताना ते सहज म्हणाले होते, "तुम्ही एक चोच घेऊन आलात. अंड्यांच्या पोल्ट्रीत पिल्लांच्या चोचींची टोकं मुद्दाम कापतात, गरम पात्याने. गर्दीत एकमेकांना टोचून मारू नयेत म्हणून." मी हॉस्टेलला असताना चार वर्षं अंडी खाल्लीत, भुर्जी तर गाडीवर उभं राहून. कोणाची तरी चोच त्यात होती. तिला नाव नव्हतं, तिचं स्टेटस नव्हतं. मोतीसाठी मी रडले, त्यांच्यासाठी आजही रडू येत नाही. अंडी सोडलीत, पण सोडणं सोपं होतं. रडू न येण्याचं काय करायचं ते मला कळलेलं नाही.

भरताची कथा आपण बहुतेक वेळा हरणाच्या जन्मापाशी थांबवतो. ती तिथं संपत नाही. हरणाच्या जन्मात त्याला मागचं सगळं आठवत होतं. त्याने आईला आणि कळपाला कालंजर पर्वतावर सोडलं, परत पुलहाश्रमात आला, वाळकी पानं खाऊन राहिला आणि गंडकीच्या पाण्यात देह ठेवला. तिसरा जन्म ब्राह्मणाच्या घरी, तो जडभरत. परत कशात अडकू नये म्हणून वेड्यासारखा राहायचा. एकदा सिंधू-सौवीर देशाचा राजा रहूगण कपिल मुनींकडे निघाला होता. पालखीला एक भोई कमी पडत होता, म्हणून वाटेत दिसलेल्या या धट्ट्याकट्ट्या माणसाला जुंपलं. (सासवडला पालखी म्हटलं की माउलींचीच डोळ्यांपुढे येते. ही तसली नाही, ही राजाची, वेठीची.) पालखी हिंदकळू लागली. का? कीर्तनात सांगतात की जडभरत मुंग्या चुकवत चालत होता. भागवतात मुंग्यांचं नाव नाही. तिथं एवढंच आहे की तो बाणभर अंतर पुढची जमीन बघून मग पाऊल टाकायचा, म्हणून बाकीच्या भोयांशी त्याची चाल जुळेना.

म्हणजे बघा, मोहाने दोन जन्म गमावलेला, आता कशालाच जीव लावायचा नाही म्हणून वेडा बनून राहणारा माणूस. त्याने दया सोडलेली नाही. खांद्यावर राजा आहे, राजा वरून शिव्या देतोय, आणि हा खाली बघून चालतोय. पायाखाली कोण येणार आहे हे त्याला माहीत नाही. त्या जिवाचं नाव नाही, तो आपला नाही, तो नंतर येऊन मांडीवर बसणार नाही. कोणी बघत असेल तर त्यांना फक्त पालखी हिंदकळताना दिसते.

हरणाची माया आणि ही चाल, दोन्ही एकाच माणसाच्या. मधे काय बदललं, ते मी अजून वाचतेय.

तर जिने कुत्र्याचं विचारलं होतं तिला : नाही गं, आड येत नाही. कुत्रा ठेव. त्याला जीवही लाव. फक्त तो दारात बसून शेपटी हलवतो तेव्हा त्याला काय पाहिजे आणि तुला काय ऐकायचंय, यातला फरक अधूनमधून तपासत जा. मला तो तपासायला अठरा दिवस आणि एका आत्याचा फोन लागला.

एकोणिसाव्या दिवशी मोतीला सासवडला नेलं. दिवे घाटात ती पाटीत अगदी गप्प होती, आणि या वेळी त्याचा अर्थ मी लावला नाही. उशीर झालेलाच होता. कळपाने तिला घेतलं नाही, दोघी-तिघी अंगावर धावून आल्या. मामांनी खुराड्यातच जाळी लावून तिच्यासाठी एक कोपरा वेगळा केला, दिसतील सगळ्या पण टोचता येणार नाही असा. बारा दिवस तशीच होती. मग एका संध्याकाळी बाकीच्या दांडीवर चढून बसल्यावर मामांनी मधली जाळी काढून घेतली. सकाळी सगळ्या एकत्रच बाहेर पडल्या. ती अजून कळपाच्या कडेनेच चालते. खालची चोच मामा कानशीने घासतात, मी एकदा धरायला गेले तर इतकी फडफडली की मामा म्हणाले, "तुम्ही लांब थांबा ताई, तुम्हाला लई भिती ती."

मला तीस जणींमधली ती चोचीवरून ओळखू येते. तीही मला ओळखत असावी, कारण सगळ्यांत आधी तीच पळते.

परवा रविवारी गेले होते. संध्याकाळी, फोन गाडीत ठेवून, जाळीच्या बाहेर लांब उभी राहिले. मोती वाडग्यातलं भिजवलेलं खाद्य खात होती. एक दुसरी आली, मला वाटलं आता टोचणार. तिने वाडग्यात बघितलं आणि तिनेही चोच बुडवली. मग तिसरी आली. मामा हसायला लागले. कोरड्या दाण्यापेक्षा भिजवलेलं सगळ्यांनाच आवडायला लागलंय, आता रोज दोन वाडगे भरावे लागतात म्हणाले.

उद्या अध्याय नववा. जडभरताला बळी द्यायला भद्रकालीपुढे नेतात, तो भाग. सकाळी सहाला इथंच भेटू.

राम कृष्ण हरी.